खेळ कीं व्यासंग?

गेल्या दिवाळींत आमच्या अंगणांत मुलांनीं नेहमींप्रमाणें किल्ला केला, अळीव पेरले, मातीचे मावळे मांडले. भाऊबीजेच्या सकाळीं पाहतों तों आमचा अकरा वर्षांचा नातू, आमच्या पुतण्यानें दिलेला जुना मोबाईल विटांच्या आधारानें उभा करून, किल्ल्यापुढें उकिडवा बसलेला! एक मावळा बोटभर पुढें सरकवावयाचा, चित्र टिपावयाचें, पुन्हां सरकवावयाचा. फराळाला हांका मारल्या तरी उठेना. तोफेचा धूर हवा म्हणून त्यानें आजीच्या रांगोळीचा डबा फुंकला आणि सारी ओटी पांढरी झाली. आमचा संताप अनावर झाला. आम्हीं मोबाईल काढून घेतला आणि कपाटाला कुलूप लावलें.

रात्रीं मात्र झोंप येईना. आम्हीं पस्तीस वर्षें मास्तरकी केली. १९८८ सालीं सातवीच्या वर्गांत एका मुलाची वही आमच्या हातीं लागली. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यांत एक माणूस काढलेला. पानें भरभर सोडलीं कीं तो कुंपणावरून उडी मारी. आम्हांस क्षणभर मौजहि वाटली, आणि तरीहि आम्हीं ते सारे कोपरे वर्गासमक्ष फाडून टाकले. मुलगा रडला नाहीं. त्यानें तुकडे वेंचून खिशांत घातले. पुढें त्याचें काय झालें हें विचारण्याचें धैर्य आम्हांस कधीं झालें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं पुतण्यानें स्टीव्हन स्पीलबर्ग ह्या अमेरिकन दिग्दर्शकाची हकीकत सांगितली. 'ज्युरासिक पार्क' पाहिलेल्या वाचकांस हें नांव परकें नाहीं. ह्यांचा जन्म १९४६ चा. बालपणीं पाहिलेल्या पहिल्याच चित्रपटांत आगगाडीची टक्कर होती. ती मनांत अशी बसली कीं ते आपल्या खेळण्यांतल्या गाड्या एकमेकींवर आपटूं लागले. गाड्या मोडूं लागल्या तेव्हां त्या काढून घेण्याचा धाक घालण्यांत आला. मुलानें तोड काढली. वडिलांच्या आठ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यानें टक्कर एकदांच टिपली आणि मग वाटेल तितक्या वेळां पाहिली! त्या काळीं फिल्मचें रीळ तीनचार मिनिटांत संपे व त्याला पैसे पडत. म्हणून टिपण्यापूर्वीं विचार करणें भाग होतें. आजच्या मोबाईलला हें बंधन नाहीं, आणि आमच्या मतें मुलांच्या हौसेला खरा धोका आहे तो तेथेंच.

पुढें बालवीर पथकाचा छायाचित्रणाचा बिल्ला मिळविण्यासाठीं त्यांनीं एक छोटा चित्रपट केला. नंतर ॲरिझोनाच्या वाळवंटांत शेजारचीं मुलें जमवून युद्धपट काढला. स्फोट कसे दाखवावे? खड्ड्यावर फळी, फळीच्या एका टोकावर माती. धांवणाऱ्या मुलाचा पाय दुसऱ्या टोकावर पडला कीं धूळ आकाशांत. एका भयपटासाठीं कपाटांतून लाल रस ओघळतांना हवा होता. आई पियानो वाजविणारी, कलावती. तिनें चेरीचे डबेच्या डबे आणून कुकरमध्यें शिजवून ते उडूं दिले, आणि पुढें कित्येक वर्षें रोज सकाळीं ती स्वयंपाकघराच्या कपाटांवरचे डाग पुसत असे, असें तिनेंच सांगितलें आहे. हें ऐकून आमच्या सूनबाई खुदकन हंसल्या. ओटीवरची रांगोळी त्यांनींच झाडली होती.

१९६४ सालीं, सतराव्या वर्षीं, त्यांनीं 'फायरलाइट' हा दोन तासांहून मोठा चित्रपट पुरा केला. खर्च सुमारें पांचशें डॉलर. फीनिक्स शहरांत त्याचा एकच खेळ झाला आणि नफा उरला एक डॉलर.

चित्रपटविद्येच्या नामांकित विद्यालयानें त्यांस प्रवेश नाकारला. लाँग बीच येथील विद्यापीठांतील शिक्षणहि अर्धवट सोडून ते धंद्यांत शिरले. पण २००२ सालीं, कीर्तीच्या शिखरावर असतांना, राहिलेला अभ्यास पुरा करून त्यांनीं बी. ए. ची पदवी घेतली, हें आम्हांस विशेष वाटतें. एका विषयाच्या पूर्ततेसाठीं त्यांनीं १९९३ चा आपलाच 'शिंडलर्स लिस्ट' सादर केला. त्याला ऑस्कर केव्हांच मिळालें होतें; परीक्षकानें गुण कसे दिले असतील ते दिले असोत! २०२२ सालीं 'द फेबलमन्स'मध्यें त्यांनीं आपलें बालपण पडद्यावर आणलें. त्यांतहि ती आगगाडीची टक्कर आहे.

प्रत्येक मूल स्पीलबर्ग होत नाहीं, हें आम्हांस कळतें. परंतु हौस टिकाऊ आहे कीं नाहीं हें ओळखावयाचें तर मुलाला किती लोक वाहवा म्हणतात हें न पाहतां, कंटाळवाणें काम तें किती वेळ करतें हें पाहावें. दादासाहेब फाळक्यांनीं १९१२ सालीं वाटाणा रुजून त्याचा वेल होईपर्यंत थोडीं थोडीं चित्रें टिपलीं, ती अशीच बैठक. आम्हीं कपाट उघडून नातवाचीं चित्रें मोजलीं. दोनशें चाळीस! आणि चित्रपट झाला होता अवघ्या वीस सेकंदांचा.

आम्हीं मोबाईल परत दिला. पण मध्यंतरीं अळीव वाढून मावळे गुडघाभर बुडाले होते. आतां पुढचीं चित्रें मागच्यांशीं जुळणार कशीं? नातू किल्ल्याकडे पाहत बराच वेळ उभा राहिला, मग म्हणाला, "आजोबा, आतां गडावर रात्र झाली असें दाखवूं. तुम्ही पणती धरा."

त्या संध्याकाळीं आम्ही दीड तास पणती धरून बसलों. आमचा हात हालला म्हणून तीन चित्रें पुन्हां काढावीं लागलीं, आणि त्याबद्दल आम्हांस बोलणीं खावीं लागलीं.