डीपी म्हटलं की कोणती डीपी?

दिंद्रुडच्या शिवारात ‘डीपी जळाली’ म्हटलं की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. रोहित्र गेलं, मोटार बंद, उसाचं पाणी तुटलं! व्हॉट्सअ‍ॅपवर डीपी म्हणजे फोटो. शहराच्या नगररचनेत विकास आराखडा. मला फार आवडतं ते हे, की मराठीनं यांना लिंगही वाटून दिलं: जळाली ती डीपी, बदलला तो बहुतेकदा फोटो.

एसटीही तशीच. १ जून १९४८ला पुणे-अहमदनगर धावली ती बस. अर्जातल्या प्रवर्गाच्या रकान्यात मात्र अनुसूचित जमाती. पीएम म्हणजे पंतप्रधान, दुपारनंतरची वेळ आणि शवविच्छेदनसुद्धा.

आणि आपलं रोजचं ‘ओके’? ‘ऑल करेक्ट’च्या मुद्दाम चुकवलेल्या स्पेलिंगची आद्याक्षरं, २३ मार्च १८३९ला बोस्टनच्या वर्तमानपत्रात छापलेली.