दाबमोचक झडप

बंदिस्त पात्रातील किंवा नळातील द्रायूचा (द्रवाचा वा वायूचा) दाब ठरविलेल्या मर्यादेपलीकडे जाताच आपोआप उघडून जादा द्रायू बाहेर सोडणारी व दाब पुरेसा उतरल्यावर पुन्हा मिटणारी झडप. बाष्पित्रे, दाबपात्रे, पंप, रासायनिक अभिक्रियापात्रे इ. ठिकाणी ती बसवितात. इतर नियंत्रणे निकामी झाली, तरी पात्र फुटू नये यासाठीचा हा शेवटचा उपाय होय.

दनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १६८१ मध्ये वर्णन केलेल्या, वाफेच्या दाबाखाली अन्न शिजविण्याच्या भांड्यावर तरफेला वजन टांगलेली झडप होती. घरगुती प्रेशर कुकरवरील वजनाचे कार्य याच तत्त्वावर चालते. हादऱ्यांनी वजन हलते म्हणून रेल्वे एंजिनांत वजनाची जागा स्प्रिंगने घेतली.

प्रकार : (१) साध्या स्प्रिंगच्या झडपेत स्प्रिंगमुळे चकती आसनावर दाबून धरली जाते. वायू व वाफ यांसाठीची झडप एकदम उसळून पूर्ण उघडते, तर द्रवासाठीची सामान्यतः दाबवाढीच्या प्रमाणात उघडते. ही झडप साधी, मजबूत व स्वस्त असते. परंतु बाहेर पडण्याच्या नळात विरुद्ध दिशेने निर्माण होणारा दाब (प्रतिदाब) वाढला की, ती नीट उघडी राहत नाही. म्हणून असा प्रतिदाब सर्वसाधारणपणे नियोजित दाबाच्या १० टक्क्यांच्या आत ठेवतात. (२) संतुलित झडपेत चकतीच्या पाठीमागे धातूचा भाता असल्याने प्रतिदाबाचा परिणाम पुष्कळसा टळतो व संक्षारक द्रायूपासून स्प्रिंगचे रक्षण होते. भाता मात्र तडकू शकतो. (३) उपझडपेने नियंत्रित होणाऱ्या झडपेत पात्रातील दाबच मुख्य दट्ट्याला वरून दाबून ठेवतो व लहान उपझडप उघडली की तो मोकळा होतो. नियोजित दाबाच्या अगदी जवळ काम चालत असले, तरी ही झडप गळत नाही. पण मळकट वा चिकट द्रायूने तिच्या बारीक नळ्या तुंबतात. (४) फुटणारी चकती ही झडप नसली, तरी तिचे कार्य तेच असते. ती अत्यंत जलद मोकळी वाट करून देते, परंतु एकदा फुटल्यावर मिटत नाही व पात्रातील सर्व माल वाया जाऊ शकतो.

निवड : प्रथम दाब कशामुळे वाढू शकेल (बाहेरची आग, बंद राहिलेला नळ, अनावर अभिक्रिया इ.), हे ठरवून बाहेर सोडावयाचे परिमाण काढतात. त्यावरून झडपेचा आकार निश्चित होतो. झडप प्रमाणापेक्षा मोठी असल्यास ती वारंवार उघडमीट करीत थरथरते व तिचे आसन खराब होते. स्वच्छ वाफ किंवा हवा असेल व द्रायू सरळ वातावरणात सोडता येत असेल, तर साधी झडप पुरते. अनेक झडपा एकाच सामाईक नळात सोडल्या असतील, तर संतुलित झडप अधिक योग्य ठरते. बहुवारिकीकरणाने घट्ट होणाऱ्या किंवा संक्षारक पदार्थांसाठी झडपेच्या खाली फुटणारी चकती बसवितात. दोहोंमधील जागेत दाबमापक असणे आवश्यक असते. कारण चकतीला सूक्ष्म छिद्र पडून तेथे दाब साठल्यास ती योग्य वेळी फुटत नाही.

निवड झडपेपाशीच संपत नाही. १९८४ च्या डिसेंबरमध्ये भोपाळ येथील कीटकनाशकाच्या कारखान्यात मिथिल आयसोसायनेटाच्या टाकीवरील चकती फुटली व झडपही उघडली. मात्र वायू धुऊन निष्प्रभ करणारा मनोरा तो लोंढा पेलू शकला नाही व वायू जाळणारी यंत्रणा दुरुस्तीसाठी बंद होती. त्यामुळे विषारी वायू वस्तीत पसरून हजारो लोक मृत्युमुखी पडले. त्याआधी २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात उपझडप-नियंत्रित झडप उघडीच अडकून राहिली. नियंत्रण कक्षातील दिवा ‘मिट’ हा संकेत गेल्याचे दाखवीत होता. झडपेची खरी स्थिती नव्हे. परिणामी शीतक पाणी दोन तासांहून अधिक काळ निघून गेले व अणुभट्टीचा गाभा अंशतः वितळला.

यावरून झडप निवडताना ती उघडेल काय याबरोबरच ती मिटेल काय, तिची स्थिती कळेल काय व बाहेर पडणारा द्रायू कोठे जाईल, हेही ठरवावे लागते. बसविल्यानंतर ठराविक काळाने ती काढून तपासणे व तिच्या मांडणीत कोणी फेरफार करू नये म्हणून तिला मोहोर लावणे आवश्यक असते.