लेबल प्रिंटर : आधी एक छापा, मग हजार

पूर्वी भावाची चिठ्ठी हाताने लिहून ताग्याला टाचली की आमचे काम भागत असे. आता बरीच मोठी दुकाने बारकोडशिवाय माल घेत नाहीत. म्हणून आम्ही लेबल प्रिंटर घेतला आणि घाईत दोन हजार लेबले एकदम छापली. बारकोडची एक कड कापली गेली होती. गिऱ्हाइकाच्या मशीनने तो वाचलाच नाही. सगळा माल परत आला आणि दोन्ही वेळचे भाडे आमच्या अंगावर पडले. असे नुकसान आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांचे होऊ नये, म्हणून हा खुलासा.

हे प्रिंटर दोन प्रकारे छापतात. एकात नुसत्या उष्णतेने कागद काळा होतो. त्याला रिबन लागत नाही, पण उन्हाने आणि उष्णतेने अशी छपाई खराब होते. दुसऱ्यात रिबनची शाई कागदावर उतरते व ती टिकते. महिनोन्‌महिने गोदामात राहणाऱ्या मालाला रिबनवालाच बरा. रिबनची शाईची बाजू लेबलाकडे हवी. ती ओळखायची असेल तर लेबलाची चिकट बाजू रिबनवर दाबून उचलावी. शाई निघाली की तीच बाजू.

कॉम्प्युटरला जोडताना पुस्तिकेत दिलेल्या क्रमानेच ड्रायव्हर टाकावा व वायर लावावी. मग ड्रायव्हरमध्ये लेबलाचे खरे माप भरावे, उदाहरणार्थ ५० बाय २५ मिलिमीटर. आमची चूक इथेच झाली होती. रोल बदलला की कॅलिब्रेशन करावे, म्हणजे दोन लेबलांमधली फट प्रिंटरला समजते.

आता तपासणी. एकच लेबल छापावे. तेरा अंकी बारकोड दोन्ही बाजूंच्या कोऱ्या जागेसह सुमारे ३७ मिलिमीटर रुंद असतो. तो ८० टक्क्यांहून लहान करू नये आणि कोरी जागा कापू नये. छपाई फार गडद झाली तर रेघा पसरतात, फिकी झाली तर तुटतात. उभी पांढरी रेघ सतत दिसली तर बहुधा छपाईच्या हेडवर घाण असते. प्रिंटर बंद करून, हेड थंड झाल्यावर ते पुस्तिकेप्रमाणे पुसावे.

त्यानंतर स्कॅनरने ते लेबल कॉम्प्युटरवर वाचून पाहावे आणि आलेला आकडा यादीतल्या आकड्याशी एकेक करून ताडावा. यादीत सुरुवातीची शून्ये गळू शकतात. ००४५ चे ४५ होते. भावही त्याच वेळी पाहून घ्यावा. भाव चुकला तर गिऱ्हाइकापुढे जबान आपली जाते, मशीनची नव्हे.

उतरलेले लेबल आम्ही वहीत चिकटवतो आणि शेजारी माप, गडदपणा व रिबनचा प्रकार लिहून ठेवतो. पुढच्या खेपेला नोकर नवा असला तरी काम अडत नाही.