गोठविलेला भ्रूण आणि निवडीची हद्द

मध्य भारतातील सिकलसेलविषयीचा शुक्ला आणि सोळंकी यांचा लेख १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा विदर्भातील घराघरांत मुकाट्याने सोसला जाणारा हा आनुवंशिक रक्तदोष वैद्यकशास्त्राच्या दप्तरी दाखल झाला, पुढे नागपूरच्या संपत रामटेके यांनी या रुग्णांसाठी आयुष्य वेचले, आणि २०१८ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. पती आणि पत्नी दोघेही वाहक, म्हणजे स्वतः धडधाकट परंतु दोषाचे एकेक जनुक बाळगणारे असले, तर प्रत्येक खेपेस मूल सिकलसेलग्रस्त होण्याची शक्यता चारांत एक असते. पहिले निरोगी निपजले म्हणून दुसऱ्याच्या वेळी ती तसूभरही उणावत नाही.

अशा दांपत्यांपुढे आता भ्रूणपरीक्षेचा मार्ग आहे. प्रयोगशाळेत फलित झालेले बीजांड पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत वाढविले, की ज्या बाह्य थरापासून पुढे वार तयार होते त्यातील पाच-दहा पेशी सूक्ष्म नळीने अलगद काढून जनुकीय तपासणीस धाडतात, आणि अहवाल हाती येईपर्यंत भ्रूण द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश सेल्सिअसला राखून ठेवतात. पेशीतील पाण्याचे स्फटिक झाले तर पेशीची नासाडी होते. म्हणून संरक्षक द्रावणात बुडवून पाण्याचा अंश आधीच घटवितात, आणि भ्रूण इतक्या त्वरेने थंड करतात की उरलेले पाणी, स्फटिक बांधण्यास अवसर न मिळता, काचेसारखे थिजते. कलकत्त्याच्या डॉ. सुभाष मुखर्जी यांनी गोठविलेल्या भ्रूणापासून अपत्यजन्म घडविल्याचे १९७८ सालीच जाहीर केले होते. सरकारी समितीने तो दावा फेटाळला, १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली, आणि पुढे त्यांच्या श्रेयासाठी झटले ते मुंबईतील १९८६ च्या टेस्ट ट्यूब बेबीच्या यशाचे एक शिल्पकार डॉ. टी. सी. आनंदकुमार.

तपासणीसाठी काढलेल्या त्याच पाच-दहा पेशी भ्रूणाचे लिंगही सांगू शकतात. म्हणून निवडीची हद्द यंत्राने नव्हे, कायद्याने आखावी लागते. सहाय्यक प्रजननाविषयीच्या २०२१ च्या भारतीय कायद्यान्वये अशी तपासणी ज्ञात आनुवंशिक रोगांपुरतीच करता येते, मुलगा-मुलगी निवडण्यास सक्त मनाई आहे, आणि भ्रूण साठविण्याची मुदत दहा वर्षांची आहे. त्यानंतर तो नष्ट होऊ द्यावा लागतो किंवा दांपत्याच्या संमतीने संशोधनास द्यावा लागतो.

कायदा मात्र एका प्रश्नाचा निवाडा करीत नाही. सिकलसेलग्रस्त भ्रूण बाजूस ठेवण्यामागे पुढील वेदना टाळण्याचा हेतू असतो. पण केवळ वाहक असलेला भ्रूणही असे वाहक दांपत्य नाकारू लागले, तर ते आपल्या स्वतःसारख्याच धडधाकट माणसाला नाकारत असतात, आणि तेथे रोगनिवारण संपून नुसती पसंती सुरू होते.