दुसरी किल्ली कुणाकडे?

एप्रिल १६८०. रायगडावर शिवाजी महाराजांचे निधन झाले आणि ही बातमी गडाखाली उतरू नये म्हणून मंत्र्यांनी बंदोबस्त केला. संभाजीराजे तेव्हा पन्हाळ्यावर होते. त्यांना तिथेच अडकवून ठेवावे, अशा मतलबाचे पत्र पन्हाळ्याच्या किल्लेदाराकडे रवाना झाले. पत्र पन्हाळ्यावर पोहोचले खरे, पण ते संभाजीराजांच्या हाती लागले. त्यांनी गडाचा ताबा घेतला आणि रायगडावर राजारामांना मंचकावर बसवणाऱ्यांचा डाव उलटला.

आपण हा प्रसंग वारशाच्या तंट्यातला म्हणून वाचतो. मला तो कचेरीतल्या कारभाराचाही वाटतो. पत्र कुणी लिहिले, कुणाच्या हाती दिले, नेणाऱ्याला मजकूर ठाऊक होता का, पोहोचल्यावर ते उघडताना आणखी कोण हजर होते, हे ते प्रश्न. आज लष्करात किंवा दूतावासात गुप्त संदेशांचे साहित्य सांभाळणाऱ्या माणसाला हेच प्रश्न रोज सोडवावे लागतात. संकेतयंत्रे, संकेतांच्या छापील याद्या, ठराविक दिवशी बदलायच्या किल्ल्या असे ते साहित्य एका परिरक्षकाच्या नावावर असते. प्रत्येक नगाला क्रमांक, प्रत्येक देवाणघेवाणीला सही, ठरल्या मुदतीने मोजणी, काम संपले की साक्षीदारासमोर नाश. आणि त्यातल्या सर्वांत नाजूक वस्तूला एकट्या माणसाने हात लावायचा नाही, सोबत दुसरा हवाच.

या ‘दुसऱ्या’ माणसाचा माग काढायचा तर कोल्हापूरइतकी सोयीची जागा नाही.

कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीला राजारामांच्या पदरी असताना बखर लिहिली. तीत गडाच्या कारभाराची रचना आहे. गडावर हवालदार, सबनीस, सरनोबत आणि कारखानीस. पहारा-दरवाजा एकाकडे, हिशेब आणि कागद दुसऱ्याकडे, कोठार तिसऱ्याकडे. ही माणसे मुद्दाम वेगवेगळ्या जातींची नेमलेली, म्हणजे एकाने फितवा करायचा म्हटला तर बाकीचे त्याच्या पंक्तीला बसणारे नसावेत. जातीच्या भिंतीवर संरक्षणाची भिंत उभारण्याची ही युक्ती आज वाचताना खटकते, आणि खटकायलाच हवी. पण हेतू लख्ख आहे. गड एकाच्या मुठीत राहू द्यायचा नाही.

त्यानंतरचे आज्ञापत्र तर कोल्हापूरच्याच गादीचे. रामचंद्रपंत अमात्यांनी, म्हणजे बावडेकरांच्या मूळपुरुषाने, १७१५ च्या सुमारास ते संभाजीराजांच्या (कोल्हापूरच्या, ताराबाईंच्या सवतीच्या मुलाच्या) नावाने लिहिले. पंतांनी तोवर काय पाहिले नव्हते? संभाजी महाराज पकडले गेल्यावर राजाराम जिंजीला गेले, तेव्हा मागे राज्याचा गाडा ओढणाऱ्यांत पंत पुढे होते. १७१४ मध्ये खुद्द पन्हाळ्यावर ताराबाई आणि त्यांच्या मुलाला बाजूला सारून सत्तापालट झाला. फितुरीवर प्रवचन देत बसण्याइतका वेळ त्यांच्याकडे नव्हता, म्हणून त्यांनी कारभाराचे नियम सांगितले. आज्ञापत्राचे दुर्गप्रकरण वाचताना सारखे हेच जाणवते की हा लेखक माणसाच्या इमानावर विश्वास ठेवतो, पण त्यावर विसंबत नाही.

उदाहरणार्थ दारूखाना. तो राहत्या घरांजवळ नको, तळघरात हवा, खाली गच हवा, ओल लागू नये म्हणून दारू लाकडी माचव्यावर ठेवायची. एवढे कुणीही सांगेल. पंत पुढे जातात. दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः यावे, दारू, बाण वगैरे बाहेर काढून उन्हे द्यावीत आणि परत ठेवून पुन्हा मुद्रा करावी. या एका कलमात तीन गोष्टी बसल्या आहेत. माल सुका राहतो, तो जागच्या जागी आहे की नाही हे कळते, आणि मधल्या दिवसांत कुणी हात लावला असेल तर फुटलेली मुद्रा सांगते. आजच्या कुठल्याही गोपनीय कक्षाच्या तपासणीत याहून वेगळे काही करत नाहीत.

दुसरे कलम दरवाजांचे. गडाला एकच दरवाजा असणे हा मोठा दोष, म्हणून जादा दरवाजे आणि चोरदिंड्या असाव्यात. पण रोजच्या राबत्याला लागतील तेवढ्याच उघड्या ठेवून बाकीच्या चिणून टाकाव्यात. वाट हवी, पण ती कुणाच्या सोयीसाठी उघडी राहता कामा नये.

तिसरे कलम बदल्यांचे. हवालदार तीन वर्षांनी, सरनोबत चार वर्षांनी, सबनीस आणि कारखानीस पाच वर्षांनी हलवावेत. मुदती वेगळ्या का, तर माझ्या मते सगळे एकदम गेले तर गड नव्या माणसांच्या हाती अडखळेल आणि सगळे एकदम राहिले तर त्यांची आपसांत मिळणी होईल. बदल्यांचा मोसम आला की मंत्रालयाच्या जिन्यावर जे चालते त्याच्याशी या कलमाचे काही नाते उरलेले नाही, हे सोडा.

कागदाचीही शिस्त होती. पत्राच्या माथ्यावर शिक्का आणि मजकूर संपला तिथे मोर्तब, म्हणजे खाली आणखी एक ओळ घुसडायची सोयच नाही. लखोट्याला लाख. आणि खरोखर नाजूक गोष्ट कागदावर उतरवायचीच नाही, ती जासूद तोंडी सांगेल एवढेच पत्रात लिहायचे. जुन्या पत्रांच्या अभ्यासकांना याचा फार राग येतो. ऐन मोक्याच्या जागी पत्र गप्प बसते.

नियम लिहिणारा गेला की नियम झिजू लागतात. पन्हाळ्याचेच पाहा. पंतांनी तीन-चार-पाच वर्षांच्या बदल्या सांगितल्या, आणि पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत कोल्हापूर राज्यातले गडकरी वंशपरंपरेने गडावर रुजले. इनामे बापाकडून मुलाकडे जात होती, पहारेही तसेच. १८४४ मध्ये इंग्रजांच्या आग्रहाने कारभार बदलू लागला आणि वतनांवर गदा येते असे दिसताच सामानगडापासून बंड पेटले. साताऱ्याचा रेसिडेंट कर्नल ओव्हान्स वाटेत गडकऱ्यांच्या हाती सापडला आणि त्याला पन्हाळ्यावर कैदेत ठेवले. डिसेंबर १८४४ च्या पहिल्या दिवशी तोफांनी पन्हाळ्याच्या तटाला खिंडार पाडून इंग्रज आत शिरले. त्यानंतर गडांवरचे हे जुने पहारे मोडीत निघाले. गडकऱ्यांचे बंड हा स्वाभिमानाचा लढा होता यात शंका नाही, पण त्याच वेळी, पहारेकरी जागेचा मालक झाला की काय होते, त्याचाही तो नमुना आहे. दोन्ही खरे आहे.

३१ जुलै १८५७ च्या रात्री कोल्हापुरातली २७ वी पलटण उठली. बंदोबस्ताला आलेला इंग्रज अधिकारी जेकब नंतर आठवणींचे पुस्तक लिहून गेला. कोल्हापूरच्या छत्रपतींचे धाकटे बंधू चिमासाहेब यांना कराचीला नेऊन ठेवले, तिथेच ते वारले. या सगळ्या धामधुमीतून इंग्रज एक गोष्ट शिकले, बातमी कुणाच्या आधी कुणाला कळते यावर राज्य टिकते. मग तारांचे जाळे पसरले. एप्रिल १८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाली आणि रुळांच्या कडेने खांबही आले.

तारेने एक नवीच पंचाईत केली. लखोट्यातले पत्र नेणाऱ्याला दिसत नाही, पण तारेचा शब्दन् शब्द तारबाबूच्या बोटांतून जातो. म्हणून सरकारने आपल्या एजंटांसाठी संकेत ठरवले, मुंबईच्या कापूसवाल्यांनीही व्यापारी संकेतकोश विकत घेतले. गुपित आता पत्रात नव्हते, ते संकेताच्या पुस्तकात गेले. पुस्तक हरवले तर एक पत्र नव्हे, आधीची आणि पुढची सगळी पत्रे गेली. कुलपापेक्षा किल्ली मोलाची झाली ती इथून. हिंदुस्थानात सरकारी गुपितांचा कायदा १८८९ मध्ये आला, कर्झनने १९०४ मध्ये तो आवळला आणि १९२३ चा कायदा तर अजून चालू आहे.

शाहू महाराजांच्या काळातला गोपनीय पत्रव्यवहार आज खंडांच्या रूपाने छापलेला आहे. शिवाजी विद्यापीठाच्या शाहू संशोधन केंद्राने तो काढला, संपादन डॉ. विलास संगवे यांचे. ज्या पत्रांवर तेव्हा ‘खासगी’, ‘गोपनीय’ असे शेरे होते, ती आज एखादी एम.ए.ची मुलगी विद्यापीठाच्या ग्रंथालयात पंख्याखाली बसून वाचते. वेदोक्ताच्या वादात कोण कुणाला काय लिहीत होते हे त्यातून कळते. ते कागद कुणी वेळीच जाळले असते तर आपले केवढे नुकसान झाले असते! सांभाळणाऱ्याचे काम इतिहासकाराच्या कामाच्या नेमके उलटे असते, आणि दोघांनाही कागद जपणारा एकच रखवालदार लागतो.

विसाव्या शतकाने संकेतांना गणिताचे चिलखत घातले. ते भेदले गेले बहुतेक वेळा माणसांकडून. एकदाच वापरायच्या संकेतवह्या तत्त्वतः अभेद्य, पण १९४२ मध्ये युद्धाच्या घाईत रशियनांनी त्यांची काही पाने दोनदा छापली आणि त्या फटीतून अमेरिकनांनी पुढे कित्येक वर्षे त्यांचे संदेश वाचले. अमेरिकेची वेळ नंतर आली. जॉन वॉकर हा त्यांच्या नौदलातला संदेशव्यवहाराचा अधिकारी. संकेतांच्या याद्या ज्याने सांभाळायच्या, तोच त्या १९६७ च्या सुमारापासून रशियाला विकत होता. मित्राला, भावाला आणि मुलालाही त्याने धंद्यात ओढले. मुलगा विमानवाहू जहाजावर होता, जाळण्यासाठी वेगळ्या पिशव्यांत भरलेले कागद तो तिथून उचलायचा. मे १९८५ मध्ये वॉकर पकडला गेला. त्यानंतर किल्ल्यांच्या साहित्याला दोन माणसांचा नियम तिकडे सक्तीने लागू झाला. सभासदाच्या बखरीत तो आधीच होता असे म्हणून आपण मिशीवर ताव देऊ शकतो, पण त्याच वर्षी जानेवारीत दिल्लीत काय उघडकीला आले तेही आठवावे. पंतप्रधान कार्यालयापर्यंतच्या गुप्त फायली रात्रीपुरत्या बाहेर जात होत्या, त्यांच्या झेरॉक्स निघत होत्या आणि सकाळी त्या जागेवर परत येत होत्या. फायली हलवणारे साहेब नव्हते, साहेबांचे स्वीय सहायक होते. प्रधान सचिव पी. सी. अलेक्झांडर यांनी नैतिक जबाबदारी म्हणून राजीनामा दिला. पुढे १९९३ ते २००२ ते आपल्या राज्याचे राज्यपाल होते.

झेरॉक्सने मोजणीचा अर्थच घालवला. फाईल जागेवर आहे, पाने पूर्ण आहेत, सह्या आहेत, आणि तरी गुपित गेलेले आहे. पंतांची मुद्रा अशा चोरीपुढे हतबल आहे.

इकडे जिल्ह्याच्या पातळीवर जुनी रीत शांतपणे चालू राहिली. कोषागारातल्या दुहेरी कुलपाच्या खोलीला दोन किल्ल्या, दोन माणसांकडे. एक आला नाही तर खोली उघडत नाही, मुद्रांकांसाठी रांग लागली तरी नाही. निवडणुकीत मतदान यंत्रांच्या खोलीलाही तेच. आणि दहावी-बारावीला तर अख्ख्या महाराष्ट्राला हा शब्द ओळखीचा आहे, परिरक्षक. कोल्हापूर विभागीय मंडळाखाली कोल्हापूर, सांगली आणि सातारा. परीक्षेच्या सकाळी परिरक्षण केंद्रातून रनर पाकिटे घेऊन निघतो, त्याच्या प्रवासाचे चित्रीकरण, जीपीएस चालू, पाकीट वर्गातच फोडायचे आणि फोडण्याआधी दोन विद्यार्थ्यांच्या सह्या घ्यायच्या. सोळा वर्षांच्या मुलांना साक्षीदार करण्याची ही कल्पना मला फार आवडते. ज्यांचे नुकसान व्हायचे तेच पहाऱ्यावर. तरीही मार्च २०२३ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाकडे बारावीच्या गणिताची पाने मोबाइलवर फिरली आणि त्या प्रकरणात शिक्षकही पकडले गेले. दोन महिन्यांनी, मे मध्ये, पुण्यातल्या डीआरडीओच्या एका प्रयोगशाळेच्या संचालकांना एटीएसने अटक केली. पाकिस्तानी हस्तकाशी व्हॉट्सअ‍ॅपसारख्या माध्यमांतून संपर्क ठेवल्याचा आरोप आहे, निर्णय न्यायालय देईल.

आजची खरी किल्ली मात्र बोटभर लांबीची आहे. गावोगाव तिला डोंगल म्हणतात. तीत अधिकाऱ्याची डिजिटल सही असते. वित्त आयोगाचा पैसा ग्रामपंचायतीच्या खात्यातून निघायचा तर दोन डोंगल लागतात, एक ग्रामसेवकाचे आणि एक सरपंचांचे. (ग्रामसेवकांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे आहे, पण करवीर तालुक्यात काय की शिरोळ तालुक्यात काय, लोक ग्रामसेवकच म्हणतात.) एकाने बिल तयार करायचे, दुसऱ्याने तपासून मंजूर करायचे. म्हणजे कोषागाराच्या त्याच दोन किल्ल्या. आणि अनेक ठिकाणी प्रत्यक्षात काय घडते, तर दोन्ही डोंगल संगणक परिचालकाच्या ड्रॉवरमध्ये असतात आणि दोन्ही पिन त्याला तोंडपाठ असतात. यात लबाडी असतेच असे नाही. सरपंचांना शेताचे पाणी धरायचे असते, ग्रामसेवकाकडे दोन गावांचा कारभार असतो, सर्व्हर चालतो तो रात्री अकराला, आणि काम अडले तर शिव्या परिचालकालाच. त्याचे मानधन किती आणि ते किती महिने थकते हे विचारले, तर सगळी सुरक्षा कुणाच्या खांद्यावर उभी आहे ते समजते. पुढे लेखापरीक्षणात काही निघाले की दोघे म्हणणार सही आमची, पण बटण आम्ही दाबले नाही. कायदा मात्र ज्याच्या नावाची सही त्यालाच धरतो.

अशा कचेरीत पंतांना पाठवले असते तर त्यांनी आधी काय विचारले असते याचा मी अंदाज करू शकतो. शेवटची मोजणी कधी झाली, आणि बदलून गेलेल्या माणसाची किल्ली कुणी परत घेतली? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा कुणी तयार ठेवलेले नसते. नवा माणूस रुजू झाला की आधीच्याची सही प्रणालीतून काढावी लागते, मग नव्याची नोंदणी होते, तिची मंजुरी पंचायत समितीतून यावी लागते. मधल्या दिवसांत पाणीपुरवठ्याचे वीजबिल थकते, मोटार बंद पडायची वेळ येते, आणि मग बदलून गेलेल्या भाऊसाहेबांना फोन जातो की साहेब, तुमचा पिन एकदा सांगा.