गळक्या झडपेचा हिशेब

आमच्या मालेगावच्या शिवारात आता मोटा राहिल्या नाहीत. पण आजोबांच्या पिढीला मोटेचे एक गणित पाठ होते : विहिरीतून उपसले किती आणि थारोळ्यात पडले किती, या दोहोंतला फरक म्हणजे गळती. हृदयाच्या गळक्या झडपेचे मोजमापही याच वजाबाकीने करता येते, हे मला गेल्या वर्षी कळले.

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने हृदयावर लिहावे ते कवितेतच, असे कोणी म्हणेल. निमित्त घरचेच आहे. माझ्या आत्याला लहानपणी घसा सुजून पाठोपाठ सांधे धरणारा ताप आला होता. त्या तापाने हृदयाची द्विदल झडप कायमची अधू केली. ती नीट मिटत नाही. डाव्या निलयातून पुढे जायचे रक्त थोडे मागे अलिंदात परतते. एका इको तपासणीत गळती 'मध्यम' ठरली, दुसरीत 'तीव्र'. शस्त्रक्रिया करायची की थांबायचे, हे त्या एका शब्दावर अवलंबून!

यात कोणाची चूक होती असे नव्हे. इकोमध्ये ध्वनिलहरींच्या साह्याने उलटा झोत रंगीत दिसतो, आणि बहुतेक रुग्णांना तेवढे पुरते. मात्र झोत तिरपा, भिंतीला घासून जाणारा असला की अंदाज चुकू शकतो. तेव्हा डॉक्टरांनी नागपूरला हृदयाचा एमआरआय करण्यास सांगितले.

ज्या चुंबकीय चित्रणासाठी लाउटरबर व मॅन्सफील्ड यांना २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले, तेच हे तंत्र. त्यात क्ष-किरण नसतात. हृदयाच्या एकामागून एक पातळ कापांची चित्रे घेऊन निलयाचे आकारमान काढतात. समजा, भरलेल्या निलयात १६० मिलिलिटर रक्त आहे आणि आकुंचनानंतर ६० उरले. म्हणजे १०० बाहेर पडले. आता वाहत्या रक्ताकडून येणाऱ्या संकेतात वेगाच्या प्रमाणात फरक पडतो. त्यावरून महारोहिणीतला प्रवाह मोजतात. तो ७० भरला, तर उरलेले ३० मागे गळले. दुसरी कोणतीही झडप गळत नसेल, तर हिशेब इतका सरळ आहे. महारोहिणीचीच झडप गळकी असेल, तर उलटे येणारे रक्त तेथेच थेट मोजता येते.

अडचणी आहेतच. खर्च मोठा, श्वास वारंवार रोखावा लागतो, ठोके अनियमित असले तर चित्र बिघडते, काही जुन्या पेसमेकरांना हे यंत्र चालत नाही. आवाजाविषयी तर आत्या म्हणाली, "गिरणीत निजवल्यावानी झालं, बाप्पा!"

तिची गळती मध्यम निघाली. निलय फारसे फुगलेले नव्हते. शस्त्रक्रिया तूर्त टळली. ठरल्या तारखेला इको मात्र चुकवायचा नाही, असे डॉक्टरांनी बजावले आहे.