डिझेल एसयूव्ही की पेट्रोल कार? आधी रनिंग मोजा

गावाकडं पहिली पसंती डिझेल एसयूव्हीलाच. उंच गाडी पाणंद रस्त्यावर खालून घासत नाही, हे खरंय. पण १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले. तेव्हापासूनच्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. तो साफ व्हायला गाडी अधूनमधून हायवेवर वीसेक मिनिटं एका वेगात पळावी लागते. रोज पाच-सात किलोमीटरच फिरली, तर फिल्टर चोक होऊन मोठा खर्च निघतो.

हिशोब बघा. डिझेल गाडी लाखभर महाग आणि किलोमीटरमागं दोन रुपये बचत धरली, तर लाख फिटायला ५० हजार किलोमीटर लागतात. महिन्याला ५०० किलोमीटर रनिंग असेल तर आठ वर्षांहून जास्त. एवढ्या रनिंगला पेट्रोलच परवडतं. आणि रस्ता कच्चा असेल, तर उंच गाडी पेट्रोलमध्येही मिळते.